हिल डिस्ट्रिक्टची रुग्णवाहिका

मराठीत शववाहिका वेगळी, रुग्णवाहिका वेगळी. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या कित्येक गावांत मात्र दोन्ही कामांना एकच लांब मोटार असे आणि ती अंत्यविधीचा व्यवसाय करणाऱ्याच्या मालकीची असे. माणूस आडवा मावेल अशी गाडी त्याच्याकडेच होती, एवढेच कारण. पिट्सबर्ग या पोलादाच्या शहरात हे काम पोलीस करीत. दोन शिपाई येत, माणसाला कापडी स्ट्रेचरवर घालून गाडीत ठेवीत आणि दोघेही पुढे जाऊन बसत. मागे रोगी एकटा. हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत ही गाडीही उशिरा येई, कधी येतच नसे. शिवाय तिथे पोलिसांना बोलावणे म्हणजे आजारात आणखी एक संकट.

याच वस्तीचा खालचा भाग १९५६पासून पाडला गेला. सुमारे ८,००० माणसे उठवली गेली आणि तिथे मोठे क्रीडागार उभे राहिले. त्या वेळचे महापौर डेव्हिड लॉरेन्स पुढे पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर झाले. नोव्हेंबर १९६६मध्ये एका प्रचारसभेत ते कोसळले. पोलिसांच्या गाडीतून रुग्णालयात पोचेपर्यंत मेंदूला व्हायची ती इजा झाली होती; त्याच महिन्यात ते गेले. माजी गव्हर्नरलाही तीच गाडी मिळाली, जिची हिल डिस्ट्रिक्टमधला मजूर वाट पाहत असे.

लॉरेन्स यांच्यावर उपचार करणारे डॉ. पीटर साफर म्हणजे तोंडाने श्वास देण्याची पद्धत प्रयोगांनी सिद्ध करणाऱ्यांपैकी एक. त्याच वर्षी त्यांची मुलगी दम्याने दगावली होती. उपचार रुग्णालयाच्या दारात नव्हे, माणूस पडला तिथेच सुरू व्हावेत, हा त्यांचा ध्यास. १९६७मध्ये फॉक मेडिकल फंडाचे फिल हॅलन त्यांना भेटले आणि हिल डिस्ट्रिक्टमधल्या फ्रीडम हाऊस या संस्थेशी सांधा जुळला. ही संस्था तेव्हा वस्तीत भाजीपाला पोचवीत असे. डॉक्टरांनी माणसे निवडली ती बेकारांतून. पंचवीसेक कृष्णवर्णीय तरुण, काही व्हिएतनामहून परतलेले, कित्येकांची शाळा अर्धवट सुटलेली. त्यांना ३०० तासांचे शिक्षण मिळाले: शरीररचना, हृदय चालू करणे, गाडी सांभाळून हाकणे. गाडीची मांडणीही साफरांनी अशी केली, की रोग्याच्या डोक्याशी बसून काम करता यावे. मला ही जागा फार मोलाची वाटते. शिपाई पुढे बसत. हे मागे बसले.

१९६८मध्ये सेवा सुरू झाली. पहिल्या वर्षी सुमारे ५,८०० वेळा गाड्या धावल्या. साफरांच्या हिशेबाने २०० जीव वाचले. इतर भागांतले लोकही हीच गाडी मागू लागले. पालिकेचे पैसे मात्र रखडत. डॉ. नॅन्सी कॅरोलाइन यांनी पुढे याच माणसांना अधिक शिकवले, रात्री-अपरात्री त्यांच्याबरोबर गाडीत बसून. देशभरासाठीचा अभ्यासक्रम त्यांनी इथल्या अनुभवावर लिहिला.

मग महापौर पीट फ्लॅहर्टी यांनी सर्व शहरासाठी पालिकेची स्वतःची सेवा काढली आणि १५ ऑक्टोबर १९७५ला फ्रीडम हाऊस बंद झाले. सेवा सर्वांची झाली, यात वाद नाही. जुन्या माणसांना सामावून घेण्याचे वचन होते, आणि कागदावर ते पाळलेही गेले. पण नव्या परीक्षा आल्या, जुने गुन्हे उकरले गेले, अनुभवी माणसे नवख्या गोऱ्यांच्या हाताखाली दिली गेली. एकेक जण बाहेर पडला. थोडे टिकले. त्यांतले जॉन मून साहाय्यक प्रमुखपदापर्यंत चढून २००९मध्ये निवृत्त झाले.