भिंतीवरची सूचना आणि पडद्यावरची चूक

कारखान्याच्या भिंतीवर चिकटविलेला कागद हेही इतिहासाचे साधन आहे, असे आम्ही म्हटले तर पंडितांना ते क्षुल्लक वाटेल. परंतु सूचना कोणत्या भाषेत लावली यावरून लावणारा वाचणाऱ्याला काय समजतो, हे जितके कळते तितके मोठमोठ्या भाषणांवरून कळत नाही.

१९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याने मालकावर एक बंधन घातले. कामाचे नियम इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, कामगार ज्या फाटकातून आत येतात तेथे खास फलकावर लावले पाहिजेत. १९४८ च्या कारखाने कायद्यानेही सूचनांबाबत तेच सांगितले. श्रोत्यांनी शब्द नीट पाहावेत. कायदा ‘राजभाषा’ म्हणाला नाही, ‘समजणारी भाषा’ म्हणाला. जळगाव, अमळनेर, धुळे येथील कापडगिरण्यांत ज्याला अक्षर येई तो फलक वाची आणि बाकीचे ऐकत. कळले नाही तर जाब विचारावयास समोर माणूस असे.

पुढे १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, त्याच वर्षी भाषा संचालनालय निघाले आणि १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम आला. कारभारासाठी मराठी शब्द घडविणे अवश्य होते. पण ते शब्द प्रथम कचेरीच्या टेबलासाठी घडले, फाटकासाठी नव्हे. हा भेद आज आम्हांस पुन्हा भोवत आहे.

कारण आजच्या शेतमजुराला, हमालाला, बांधकाम मजुराला फाटकच नाही. त्याचा फलक मोबाइलच्या पडद्यावर आला आहे. असंघटित कामगारांच्या नोंदणीसाठी केंद्र सरकारने २६ ऑगस्ट २०२१ रोजी ई-श्रम हे संकेतस्थळ सुरू केले. ते आधी इंग्रजी, हिंदी, कन्नड व मराठी अशा चार भाषांत होते. जानेवारी २०२५ मध्ये ‘भाषिणी’ या सरकारी भाषायंत्रणेच्या साहाय्याने ते २२ भाषांत आले. ही गोष्ट लहान नव्हे, आणि तिचे श्रेय देण्यास आम्ही कचरत नाही.

परंतु संकेतस्थळ कोणतेही असो, त्याच्या भाषेची खरी परीक्षा काम अडते तेव्हा होते. अशा वेळी पडद्यावर जे वाक्य उमटते त्याला चूक-संदेश म्हणतात. ही वाक्ये कार्यक्रमापासून वेगळी काढून एका यादीत ठेवतात आणि भाषांतरकार समोर दुसऱ्या भाषेतील वाक्य लिहितो. १९९१ च्या युनिकोडमध्ये देवनागरीला जागा मिळाली आणि १९९५ च्या सुमारास ‘गेटटेक्स्ट’ हे मुक्त साधन निघाले, त्यामुळे हे काम पुष्कळ सुकर झाले.

यादीत मात्र वाक्य सुटे असते, प्रसंग दिसत नाही. इंग्रजीत ‘अमुक सापडत नाही’ अशा अर्थाचे एकच वाक्य असते आणि ‘अमुक’च्या जागी यंत्र शब्द भरते. मराठीत क्रमांक सापडला नाही, शिधापत्रिका सापडली नाही, नाव सापडले नाही. एका वाक्याने तिघांचे भागत नाही.

याहून गंभीर गोष्ट शब्दाची. आकडा चुकला की पडद्यावर पुष्कळदा ‘अवैध’ असे येते. आमचा मजूर हा शब्द वर्तमानपत्रात वाचतो तो अवैध दारू आणि अवैध वाळू यांच्या बातमीत. एक आकडा इकडचा तिकडे झाला, तर आपण गुन्हा केला असे त्याला वाटावे काय? ‘आकडा जुळत नाही, पुन्हा तपासून टाका’ एवढे लिहिले तर कोणते शास्त्र बुडते? कष्टाने बोटांच्या रेषा झिजल्या म्हणजे यंत्र अंगठा ओळखत नाही. तेथे ‘पडताळणी अयशस्वी’ म्हणून भागत नाही. दोष अंगठ्याचा नाही आणि दुसरा मार्ग कोणता, हे त्याच ओळीत सांगितले पाहिजे. काय झाले, कोणाकडून झाले आणि आता काय करावे, या तिन्हींची उत्तरे जो संदेश देत नाही तो मराठीत असूनही परकाच.

आणि मराठी तरी सर्वांची कोठे आहे? त्या २२ भाषा म्हणजे राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषा. तीत अहिराणी नाही, भिलीही नाही. २०११ च्या जनगणनेत खानदेशी बोलणारे १८ लाखांहून अधिक आणि देशभरात भिली बोलणारे एक कोटीहून अधिक नोंदले गेले. सातपुड्याच्या पायथ्याचा मजूर या हिशेबात बसत नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे. कोणताही चूक-संदेश पडद्यावर चढविण्यापूर्वी तो जळगावच्या बाजार समितीत किंवा धुळ्याच्या मजूर-अड्ड्यावर दहा माणसांना वाचून दाखवावा आणि ‘आता तुम्ही काय कराल?’ असे विचारावे. उत्तर आले नाही, तर भाषांतर पुन्हा करावे. १९४६ चा कायदा फलकासाठी जे मागत होता, तेच आम्ही पडद्यासाठी मागत आहोत.