सगळं ट्रॅफिक अटलांटाला

शुक्रवार, 17 जुलै 2020. वेळा अटलांटाच्या घड्याळाप्रमाणे. आपल्याकडे तेव्हा शनिवार लागला होता आणि बहुतेक लोक झोपेत होते.

दुपारी 4:25
असंख्य वेबसाइटचं ट्रॅफिक हाताळणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीच्या खासगी बॅकबोनवरची, म्हणजे तिच्या डेटा सेंटरना जोडणाऱ्या मुख्य जाळ्यावरची, नेवार्क–शिकागो लिंक जाते. यात विशेष काही नाही. लिंक जातातच, म्हणून तर पर्यायी मार्ग ठेवलेले असतात. पण ट्रॅफिक तिकडे वळतं आणि अटलांटा–वॉशिंग्टन पट्टा तुंबू लागतो.

पुढची 47 मिनिटं
नेटवर्क टीम ठरवते की अटलांटावरचा बॅकबोनचा भार थोडा उतरवायचा. त्यासाठी तिथल्या राउटरच्या कॉन्फिगमध्ये एका ओळीचा बदल करायचा.

त्या कॉन्फिगमधला एक नियम नीट पाहायला हवा, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं. नियम असा होता: रूट (ट्रॅफिकचा मार्ग) अमुक यादीतला असेल, तर त्याला लोकल प्रेफरन्स, म्हणजे पसंतीचा आकडा, 200 द्या, अटलांटाची खूण लावा आणि बॅकबोनवरच्या इतर राउटरना कळवा. भार कमी करायचा तर हा अख्खा नियम निष्क्रिय करायचा होता. निष्क्रिय झाली ती फक्त यादीची ओळ. अट गेली, हुकूम राहिला. त्यामुळे यादीतल्या मोजक्या रूटऐवजी अटलांटाकडचे झाडून सगळे बीजीपी रूट (बीजीपी म्हणजे राउटर एकमेकांना मार्ग कळवतात ती पद्धत) या नियमाखाली आले. लिहिण्याच्या दृष्टीने नियम अजूनही बिनचूक होता, त्यामुळे राउटरने कुरकुर करायचं कारणच नव्हतं.

संध्याकाळी 5:12
अटलांटा आपले सगळे रूट 200 लावून जाहीर करू लागतं.

प्रत्येक शहरातल्या राउटरकडे तिथल्याच सर्व्हरचे रूट असतात, त्यांचा आकडा तेव्हा 100 होता. बीजीपीच्या लोकल प्रेफरन्समध्ये मोठा आकडा जिंकतो. त्या दिवशी आकड्याला कुणी हातही लावला नव्हता. 200 आधीपासूनच तिथे होते.

लंडनचा राउटर 100 आणि 200 ताडून पाहतो, आपल्याच डेटा सेंटरमधले सर्व्हर सोडतो आणि लंडनमध्ये आलेली विनंती समुद्रापार अटलांटाला धाडतो. पॅरिस, फ्रँकफर्ट, मॉस्को, साओ पाउलो, शिकागो यांचंही तेच. आषाढीची सगळी गर्दी एखाद्या वाडीच्या एसटी थांब्यावर उतरावी, तशी अटलांटाच्या राउटरची गत होते. ज्याचा भार हलका करायचा होता, नेमका तोच गाडला जातो.

5:12 ते 5:39
क्लाउडफ्लेअरच्या नेटवर्कवरचं ट्रॅफिक जवळपास निम्म्यावर येतं. डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपसह कितीतरी सेवा बंद पडतात. हा हल्ला नव्हता, असा खुलासा कंपनीला नंतर करावा लागला. बॅकबोनला न जोडलेली शहरं मात्र सुरळीत चालू होती. बाधित शहरांच्या यादीत मुंबई नव्हती.

5:39
टीम अटलांटाचा राउटर बॅकबोनमधून काढून टाकते. 200 वाले रूट नाहीसे होतात, 100 पुन्हा जिंकतात. 5:47 पर्यंत सेवा पूर्ववत. त्यानंतरही आतल्या कोंडीमुळे काही लॉग (नोंदी) गळत राहतात, तेही 6:10 ला थांबतं.

मला यात चुकीची ओळ बंद करणाऱ्यापेक्षा दोन जुन्या गोष्टी जास्त खटकतात. बाहेरून आलेला रूट घरच्या सर्व्हरवर मात करू शकेल, अशी आकड्यांची उतरंड कुणीतरी फार आधी लावून ठेवली होती. आणि एका राउटरने किती रूट पाठवावेत, याला कमाल मर्यादा नव्हती. ती असती तर अटलांटाचा बॅकबोन तेवढा बंद झाला असता आणि बाकी नेटवर्क चालत राहिलं असतं, कारण बॅकबोनशिवाय चालेल अशीच त्याची रचना होती. स्थानिक सर्व्हरचे आकडे कंपनीने घटनेनंतर लगेच बदलले आणि ही मर्यादा घालायचंही जाहीर केलं. मर्यादेचं काम सोमवारी, 20 जुलैला ठेवलं होतं.