यंत्राचे पंचांग

तिथी, वार, नक्षत्र, योग, करण ही आपल्या पंचांगाची पाच अंगे. युनिक्स प्रणालीतील ‘क्रॉन’लाही पाचच: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. ठरलेली कामे ठरल्या वेळी आपोआप करणारा हा प्रोग्राम बेल लॅब्जमधला. १९७९ साली आलेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत तो दर मिनिटाला जागा होऊन कामांची यादी वाचत असे. १९८७मध्ये पॉल व्हिक्सी यांनी तो नव्याने लिहिला. ‘रेल्स’सारख्या आजच्या वेब फ्रेमवर्कमध्येही पुन्हापुन्हा करायच्या कामांची वेळ याच पाच रकान्यांत मांडता येते.

पण त्यात एक मेख आहे. अंगारकीला चतुर्थी आणि मंगळवार दोन्ही जुळावे लागतात. क्रॉनमध्ये तारीख आणि वार दोन्ही भरले, तर कोणतेही एक जुळले तरी काम सुरू होते. मला हे ठाऊक नव्हते. एका ग्रंथालयासाठी महिन्याच्या पहिल्या सोमवारचे स्मरणपत्र मी ‘१ ते ७ तारीख’ आणि ‘सोमवार’ असे मांडले. पहिला आठवडा रोज, पुढे दर सोमवारी पत्रे गेली. एक वृद्ध वाचक ओशाळून सगळी पुस्तके परत करून गेले. यंत्र चुकले नव्हते. त्याचे पंचांग मी आपल्यासारखे वाचले होते.