विटा झेलणारा मुलगा

अमेरिकन फुटबॉलमध्ये (तोच तो, हातात चेंडू घेऊन पळायचा) शाळेतली गुणी मुलं कॉलेजांच्या नजरेतून कशी सुटतात, याचा विचार करताना मला हटकून जेरी राईस आठवतो.

मिसिसिपीतलं क्रॉफर्ड हे चिमुकलं खेडं. वडील गवंडी. भावंडं खालून विटा फेकायची, हा वर उभा राहून झेलायचा. हात तिथेच तयार झाले! पण एकाही मोठ्या कॉलेजाने त्याला शिष्यवृत्ती देऊ केली नाही. शाळा लहान, गाव आडबाजूला. अशा ठिकाणचे पराक्रम 'समोरचे दुबळे होते' म्हणून सहज खोडता येतात. शेवटी तो इट्टा बीनाच्या मिसिसिपी व्हॅली स्टेटमध्ये गेला, कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या एका छोट्या कॉलेजात. १९८५ च्या निवडीत तो १६ वा. पुढे २० हंगामांत २२,८९५ यार्ड. हा विक्रम अजून अबाधित आहे.

आता व्हिडिओ आहेत, ईमेल आहे, मग प्रश्न सुटला असेल? कॅलिफोर्नियातल्या फायरबॉच्या शेतकऱ्याचा मुलगा जॉश ॲलन. २०१४ मध्ये शाळा संपली तेव्हा बोलावणं शून्य. आधी रीडलीचं दोन वर्षांचं कॉलेज, मग गावोगावच्या प्रशिक्षकांना ढीगभर ईमेल, आणि अखेर वायोमिंग. २०१८ च्या निवडीत तो ७ वा होता.