तेवीस वर्षं रखडलेला मनोरा : लंडनच्या मॅन्शन हाऊस चौकाचा वाद

आज आपण एका अशा कार्यालयीन मनोऱ्याचा इतिहास पाहणार आहोत, ज्याची लंडनने तेवीस वर्षं वाट पाहिली आणि जो शेवटी झालाच नाही. एखादी इमारत रखडली की आपण म्हणतो, वेळ वाया गेला. पण त्या वेळात शहराची आवड बदलते, कायदे बदलतात, निवाडा करणारी माणसंही बदलतात. आपल्याला आज हेच बघायचं आहे.

आधी जागा समजून घेऊ. लंडनच्या पोटात 'सिटी' नावाचा जेमतेम चौरस मैलाचा भाग आहे. पेढ्या, विमा कंपन्या, सगळा पैशाचा कारभार तिथला. त्याच्या मधोमध बँक ऑफ इंग्लंड, रॉयल एक्स्चेंज आणि लॉर्ड मेयरचं निवासस्थान मॅन्शन हाऊस समोरासमोर आहेत. याच नाक्यावर 1962 साली पीटर पालुंबो या तिशीच्या आतल्या विकासकाने मनोरा बांधायचं ठरवलं. त्यासाठी त्याने गाठलं मीस व्हान डर रोह यांना. न्यूयॉर्कची सीग्राम बिल्डिंग उभारणारे मीस तेव्हा पंचाहत्तरी ओलांडून गेलेले. आराखडा असा : एकोणीस मजली, काच आणि ब्राँझचा मनोरा, समोर मोकळा चौक, चौकाखाली दुकानं. दाराच्या मुठीपर्यंत सगळं रेखून झालं होतं.

आता काळ बघा. त्याच 1962 मध्ये लंडनमध्ये जुनं कोल एक्स्चेंज पाडलं गेलं. युस्टन स्थानकाची कमानही नुकतीच गेली होती. व्हिक्टोरियन इमारती म्हणजे काजळी धरलेली अडगळ, असं मानणारे पुष्कळ होते. 1968 मध्ये रॉयल एक्स्चेंजमध्ये मीस यांच्या आराखड्याचं प्रदर्शन भरलं, तेव्हा लोकांची प्रतिक्रिया बरीचशी अनुकूल होती. 1969 मध्ये तत्त्वतः मंजुरीही मिळाली. अट एकच : आधी सगळी जागा ताब्यात घ्या. त्याच वर्षी मीस वारले.

ती अट वाटते तेवढी साधी नव्हती. त्या जागेवर शेकडो भाडेपट्टे होते. आपल्याकडचा एखादा पुनर्विकास ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. एकेक पट्टा सोडवता सोडवता 1982 उजाडलं, तेव्हा कुठे रीतसर अर्ज दाखल झाला.

पण तोवर लंडन बदललं होतं. 1967 च्या कायद्याने संवर्धन क्षेत्रं ठरवायची सोय झाली होती. 1968 मध्ये रोनन पॉइंट हा रहिवासी मनोरा गॅसच्या स्फोटाने एका कोपऱ्यात कोसळला आणि उंच इमारतींवरचा लोकांचा विश्वास डळमळला. 1975 मध्ये 'सेव्ह ब्रिटन्स हेरिटेज' ही संस्था निघाली. ज्या इमारती पाडायच्या, त्यांतल्या बऱ्याच आता सूचीबद्ध होत्या. आराखडा तोच, चूक-बरोबर ठरवायची मोजपट्टी मात्र वेगळी.

सिटीने परवानगी नाकारली. 1984 मध्ये जाहीर चौकशी झाली. रिचर्ड रॉजर्स आणि वास्तुइतिहासकार जॉन समरसन आराखड्याच्या बाजूने होते. चौकशी चालू असतानाच युवराज चार्ल्स यांनी वास्तुविशारदांच्या समारंभात त्याला काचेचं थोटूक म्हटलं आणि ते शिकागोलाच शोभेल असा टोला हाणला. 1985 मध्ये मंत्री पॅट्रिक जेन्किन यांनी परवानगी नाकारली. मात्र दुसऱ्या चांगल्या आराखड्याचं दार त्यांनी बंद केलं नाही.

पालुंबोंनी मग जेम्स स्टर्लिंग यांना बोलावलं. त्यांची इमारत बुटकी, गुलाबी-पिवळ्या दगडी पट्ट्यांची. तिच्यासाठीही आठ सूचीबद्ध इमारती पाडाव्या लागणार होत्या, म्हणून पुन्हा चौकशी, पुन्हा कोर्ट. 1991 मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने परवानगी कायम केली. 1992 मध्ये स्टर्लिंगही वारले. खोदकामात रोमन लंडनचे अवशेष सापडले. तिथल्या एका लाकडी गटाराचं लाकूड इसवी सन 47 मधलं निघालं. 1997 मध्ये 'नंबर वन पोल्ट्री' पूर्ण झाली. युवराजांनी तिलाही जुन्या रेडिओची उपमा दिली होती.

गोष्ट इथे संपत नाही. पुढे याच इमारतीत फेरबदल करायचा प्रस्ताव आला, तेव्हा तिला वाचवायला लोक पुढे झाले आणि 2016 मध्ये तिला वारसा इमारतीचा वरचा दर्जा मिळाला. जिच्यासाठी वारसा पाडला, ती एकोणीस वर्षांत स्वतःच वारसा झाली.

मग बरोबर कोण होतं? मीस यांचा चौक मिळाला असता तर त्या गर्दीच्या नाक्यावर लोकांना टेकायला मोकळी जागा झाली असती. आणि व्हिक्टोरियन रस्ता गेला तो गेलाच. आम्हाला वाटतं, दोन्ही नुकसानं खरी आहेत. म्हणून रखडलेल्या इमारतीचा वाद ऐकताना दोन प्रश्न विचारावेत : हा आराखडा कोणत्या काळाने मंजूर केला, आणि आज त्याचा निवाडा कोणता काळ करतोय? तिसरा प्रश्न उरतोच, पाडलेलं परत आणता येईल का? त्याचं उत्तर मात्र दरवेळी एकच असतं.