परराज्यातील माल आणि घरच्यांना करसवलत
प्रतिनिधी

आपल्या राज्यात कारखानदारी वाढावी म्हणून करात सूट देण्याचा अधिकार राज्यांना आहे. मात्र त्या सुटीने परराज्यातील मालाची वाट अडवली जाऊ नये, अशी मर्यादा राज्यघटनेच्या तेराव्या भागाने घातली आहे. कलम ३०१ अन्वये देशभर व्यापार मुक्त आहे. कलम ३०४ (अ) नुसार परराज्यातून येणाऱ्या मालावर कर बसवता येतो. पण राज्यात तयार होणाऱ्या तशाच मालाच्या तुलनेत त्यात भेदभाव करता येत नाही.

हा भेदभाव दरवेळी उघड असतोच असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये निकालात काढलेल्या मेहताब मजीद खटल्यात मेख होती ती कर कोणत्या किमतीवर आकारायचा, यात. मद्रास राज्यात कमावलेल्या कातड्यावर कच्च्या कातड्याच्या किमतीनुसार विक्रीकर बसे, तर बाहेरून कमावून आलेल्या कातड्यावर तयार मालाच्या किमतीनुसार. साहजिकच बाहेरच्या मालावर बोजा अधिक पडे. न्यायालयाने तो नियम रद्द ठरवला. जम्मू-काश्मीरचा प्रकार अधिक ढोबळ होता. स्थानिक लघुउद्योगांच्या खाद्यतेलाला पूर्ण करमाफी आणि इतरांच्या तेलावर ८ टक्के विक्रीकर, ही रचना १९९६ मध्ये महावीर ऑइल मिल्स खटल्यात घटनाबाह्य ठरली.

मग सवलत द्यायचीच नाही काय? तसे नाही. १९८९ च्या व्हिडिओ इलेक्ट्रॉनिक्स निकालाने नव्या उद्योगांच्या एका विशिष्ट वर्गाला मर्यादित काळासाठी दिलेली सूट वैध मानली होती. नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २०१६ मध्ये जिंदाल स्टेनलेस प्रकरणात, मागास भागांच्या विकासासाठीच्या अशा सवलतींना वाव ठेवला. भेदभाव करणारा करच तेवढा निषिद्ध, असे बहुमत होते. ही सीमारेषा पुसट आहे, हे मान्य करावे लागेल. उद्योगांना हात देणे कोठे संपते आणि शेजाऱ्याला रोखणे कोठे सुरू होते, हे प्रत्येक अधिसूचनेच्या शब्दांवरच ठरते.

राजस्थानला याचा प्रत्यय २०२५ मध्ये आला. किमान २५ टक्के राख वापरून राज्यातच तयार केलेल्या अॅस्बेस्टॉस सिमेंटच्या पत्र्यांना २००७ च्या अधिसूचनेने व्हॅटमधून सूट दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्दबातल ठरवली. राखेचा वापर वाढवणे हाच हेतू असेल, तर तितकीच राख असलेल्या परराज्यातील पत्र्यांनी काय घोडे मारले होते?

१ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर चित्र पालटले. माल जेथे वापरला जातो, त्या राज्याला राज्याच्या वाट्याचा कर मिळतो आणि करमाफी जीएसटी परिषदेच्या शिफारशीवर अवलंबून असते. त्यामुळे एखाद्या राज्याला परस्पर आपल्या मालापुरता दर घटवणे कठीण झाले. राज्यांनी आता अनुदानाचा मार्ग धरला आहे. महाराष्ट्राच्या २०१९ च्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत पात्र उद्योगांचे अनुदान राज्यांतर्गत विक्रीवरील राज्य जीएसटीशी जोडलेले आहे. येथे कर सर्वांना सारखाच भरावा लागतो आणि मदत तिजोरीतून स्वतंत्रपणे दिली जाते.