सारखी दिसणारी तिकिटे : प्रस्तावना

टपाल तिकिटांचा संग्रह म्हटला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे मोठी, रंगीत, कुणाच्या तरी स्मरणार्थ काढलेली तिकिटे येतात. आम्हा मुळशीकरांचेच उदाहरण घ्यायचे तर 1977 साली निघालेले सेनापती बापटांचे तिकीट. त्यांनी चालवलेल्या मुळशी सत्याग्रहाच्या आठवणी अजून घरोघरी निघतात, त्यामुळे कोळवण खोऱ्यात हे तिकीट दाखवले की ओळख करून द्यावी लागत नाही. अशी तिकिटे सहसा एकदाच छापली जातात. ती जमवावीत, जपावीत. पण ती ओळखायला फारसे कष्ट पडत नाहीत.

ही पुस्तिका दुसऱ्या जातीच्या तिकिटांविषयी आहे. लहान आकाराची, रोजच्या टपालाला लागणारी, वर्षानुवर्षे पुन्हापुन्हा छापली जाणारी ही तिकिटे. संग्राहक त्यांना ‘डेफिनिटिव्ह’ म्हणतात. आपण त्यांना नित्योपयोगी तिकिटे म्हणू. चित्र तेच, किंमत तीच, पण छपाई दहा-दहा वर्षे चालू राहिली की मधल्या काळात कागद बदलतो, कडेची छिद्रे पाडणारे यंत्र बदलते, कधी छपाईची पद्धतच बदलते. मग वरवर जुळी वाटणारी दोन तिकिटे प्रत्यक्षात वेगळ्या प्रकारांची निघतात. हा वेगळेपणा ओळखायचा कसा, एवढाच या पुस्तिकेचा विषय. तो रुक्ष वाटण्याचा संभव आहे, हे मान्य. वाचकांनी निदान पुढची दोन पाने तरी धीर धरावा, ही विनंती.

या विषयाचे मुख्य ठाणे आपल्याच महाराष्ट्रात आहे. 1855 पासून पुढची सुमारे सत्तर वर्षे भारताची बहुतेक तिकिटे लंडनच्या ‘डी ला रू’ कंपनीकडून छापून येत. नाशिकरोडला इंडिया सिक्युरिटी प्रेस उभी राहिली आणि 1926 पासून ती इथे छापली जाऊ लागली. पंचम जॉर्जचा चेहरा तोच राहिला, चौकटही जवळजवळ तीच. पण तिकीट उलटे करून पाहा. लंडनच्या छपाईत प्रत्येक तिकिटाच्या कागदात एकच तारा आहे. नाशिकच्या कागदात लहान ताऱ्यांच्या रांगा आहेत. कागद तयार होतानाच त्यात उमटवलेली ही खूण म्हणजे जलचिन्ह. एका देशाची तिकिटे परदेशी छापखान्यातून स्वतःच्या भूमीवर आली, ही घटना पुढच्या बाजूने दिसत नाही. ती पाठीमागून वाचावी लागते.

याहून मौजेचे उदाहरण स्वातंत्र्यानंतरचे आहे. 1 एप्रिल 1957 रोजी दशमान नाणी आली, नव्या पैशांचा हिशेब सुरू झाला, आणि त्याबरोबर भारताच्या नकाशाची तिकिटे निघाली. नवा देश, नवे नाणे, वर देशाचा नकाशा. पण कागद मात्र तोच, ताऱ्यांचा, इंग्रजी अमदानीतला! 1958 पासून अशोकस्तंभाच्या शीर्षाचे जलचिन्ह असलेला कागद वापरात येऊ लागला आणि तीच नकाशाची तिकिटे त्यावर छापली गेली. आजही जुन्या पाकिटांच्या गठ्ठ्यात ही दोन्ही शेजारी-शेजारी सापडतात आणि सहसा स्वस्तात मिळतात. नवख्याने सुरुवात करावी ती इथूनच, असे माझे स्पष्ट मत आहे. महागडे तिकीट घेऊन शिकायला बसणाऱ्याचा हात कापतो; नकाशाच्या तिकिटाला मनसोक्त हाताळता येते.

जलचिन्ह पाहण्यासाठी तिकीट काळ्या फरशीच्या तुकड्यावर पालथे ठेवून उजेड तिरपा पाडला तरी पुष्कळदा भागते. चिन्ह उलटे किंवा आडवे दिसले तर दचकू नये. कागदाचा ताव यंत्रात उलटा गेला की चिन्ह उलटे उमटते, आणि ताव आडवा कापला गेला की आडवे. तिकिटांच्या छापील यादीत अशा प्रकारांची नोंद वेगळी असते, पण प्रत्येक उलटे चिन्ह म्हणजे घबाड नव्हे.

दुसरी कसोटी कडेच्या छिद्रांची. दोन सेंटिमीटर लांबीत किती छिद्रे बसतात, हे त्याचे माप. ‘साडेचौदा × चौदा’ असे लिहिलेले असेल तर पहिला आकडा आडव्या कडेचा आणि दुसरा उभ्या कडेचा. मोजपट्टी पुठ्ठ्याची किंवा पारदर्शक प्लॅस्टिकची मिळते. 1979 पासून निघालेल्या शेती-विकासाच्या मालिकेत (अंड्यातून बाहेर येणारे पिल्लू, मक्याची कापणी, रबराचा चीक काढणारा कामगार अशी चित्रे असलेल्या) या पट्टीवाचून पाऊल टाकता येत नाही. तिथे एकाच चित्राची छिद्रे वेगवेगळ्या मापांची आहेत आणि जलचिन्ह कधी आहे, कधी नाही. या पुस्तिकेतील सर्वांत लांब प्रकरण याच मालिकेवर आहे. तिकडे घाईने जाऊ नये.

काही फरक मात्र भिंगाशिवायही दिसतात, फक्त पाहायचे सुचले पाहिजे. वाघाच्या 15 पैशांच्या तिकिटावर आधी आकड्याबरोबर पैशाची खूण असे. पुढच्या छपाईत नुसता 15 उरला. छपाईची पद्धत ओळखायला मात्र दहापट मोठे दाखवणारे भिंग हवे. ग्रॅव्ह्युअर पद्धतीत अक्षरांच्या कडाही बारीक दातेरी दिसतात, कारण अक्षरासकट सगळे चित्र जाळीतून गेलेले असते. ऑफसेटमध्ये अक्षराची कड सुरीने कापल्यासारखी स्वच्छ असते. अलीकडे नाशिकच्या जोडीला हैदराबादच्या सिक्युरिटी प्रिंटिंग प्रेसमध्येही तिकिटे छापली जातात, त्यामुळे ही नजर आता अधिकच उपयोगी पडते.

राहिला रंग. त्यावर सर्वांत शेवटी विश्वास ठेवावा. उन्हाने, पाण्याने आणि लिफाफ्याच्या कागदाने तिकिटाची छटा बदलते. अशा उडालेल्या रंगाला ‘दुर्मीळ छटा’ म्हणून विकणारेही भेटतात. सावधपणाचे आणखी एक ठिकाण म्हणजे ‘शरणार्थी सहायता’. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांसाठी 15 नोव्हेंबर 1971 पासून टपालावर पाच पैशांचा जादा आकार बसला. त्यासाठी कुटुंब नियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटावर ही अक्षरे छापली गेली, आणि घाई असल्याने अनेक गावी स्थानिक रबरी शिक्केही वापरले गेले. प्रकार पुष्कळ, म्हणून अभ्यास रंजक. पण रबरी शिक्का कुणीही करून घेऊ शकतो. म्हणून त्या काळच्या तारखेचा टपालशिक्का असलेल्या अखंड पाकिटावरचे तिकीटच खरे धरावे, सुटे नव्हे.

यावरून एक नियम सांगून ठेवतो. पाकीट आधी नीट पाहा, मगच तिकीट सोडवा. पौडच्या किंवा तुमच्या गावच्या शिक्क्याची तारीख स्वच्छ असेल तर तो प्रकार कधी वापरात होता याचा तो पुरावाच आहे. असे पाकीट भिजवू नये. बाकीची तिकिटे साध्या पाण्यात सुटतात, गडद रंगाच्या लिफाफ्यांची मात्र वेगळ्या भांड्यात. हे काम मुळशीच्या पावसाळ्यात काढू नये. आषाढ-श्रावणात आमच्याकडे भिंतींना ओल येते. तिथे कागद काय सुकणार? कोरी तिकिटे आपल्याच डिंकाने एकमेकांना चिकटतात, आणि कडांवर तांबूस डाग धरले की ते जात नाहीत. दिवाळीनंतरची कोरडी हवा या कामाला उत्तम.

पुस्तिका सलग वाचण्यासाठी नाही. एका वेळी एकाच चित्राची, एकाच किमतीची जेवढी तिकिटे मिळतील तेवढी घेऊन बसावे. त्यातून जलचिन्ह, मग छिद्रे, मग छपाई या क्रमाने ढिगाचे लहान ढीग करत जावे. शंका आली तर ते तिकीट बाजूला ठेवून पुढे जावे. दहा तिकिटांत न सुटणारा प्रश्न शंभरांत सुटतो. इंग्रजीतील स्टॅन्ले गिबन्सची यादी हाताशी असल्यास उत्तमच, नसल्यास अडत नाही.

प्रत्येक प्रकरणानंतर कोरी पाने मुद्दाम सोडली आहेत. तुम्हाला दिसलेला फरक आमच्या तक्त्यात नसेल, तर तो पाकिटावरील तारखेसह तिथे टिपून ठेवा आणि आम्हाला जरूर कळवा. पुढील आवृत्तीत त्याची नोंद घेता येईल.

कोळवण, ता. मुळशी, जि. पुणे